संथ भागातली शिट्टी

—नाही ना वाजली? नक्की? की आपलं म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून सांगताय? तसं नव्हे, तुमच्यावर अविश्वास नाही, पण लोक मला हल्ली फार गोड उत्तरं देतात, ताई. शिट्टी म्हणजे बारीक, किटली तापत आली की करते ना, तशी—मला स्वतःला ती ऐकू येत नाही, तीच तर गंमत. माझ्याच कानातलं मशीन वाजतं, अख्ख्या हॉलला ऐकू जातं आणि मला पत्ता नाही. आवाज इतका वरचा असतो, की ज्या कानासाठी मशीन घेतलं त्याला नेमका तेवढाच पोचत नाही. म्हणून मध्यंतर झाल्या झाल्या तुम्हाला विचारलं. दुसरं कोणाला विचारणार, पलीकडे खांब आहे.

बसा ना, सगळे अजून कॉफीच्या रांगेत आहेत. ते वर टांगलेले माईक पाहिलेत? आज इथे जे काही वाजेल ते सगळं त्यांच्यात जाणार—चौघांची वाद्यं, कोणाचा खोकला, माझी ही खुर्ची. करकरते ती, लक्षात आलं असेल तुमच्या. मी तर श्वाससुद्धा बेताने घेत होतो. मुलीला म्हटलं होतं, अगं, लोकांसमोर कशाला रेकॉर्डिंग करता, स्टुडिओत दार लावून करा की शांतपणे. तर म्हणाली, बाबा, भिंतीसमोर वाजवलं की भिंतीसारखं वाजतं, समोर माणसं हवीत. आता माणसं हवीत म्हटल्यावर त्यांच्याबरोबर त्यांचे घसे येणार, नाकं येणार, कान येणार—हो, मुलगी. सांगितलं नाही का मी? डावीकडून तिसरी, निळ्या कपड्यातली. व्हिओला वाजवते. व्हायोलिनची थोरली बहीण म्हणा, जरा अंगाने मोठी, जरा खालच्या आवाजात बोलणारी. दोन व्हायोलिनं, ही, आणि तो मोठा चेलो, असे चौघे. मी त्यांना चौकडी म्हणतो. एकदा पाहुण्यांसमोर तोंडातून चांडाळचौकडी निघून गेलं, तर पुढे बरेच दिवस चहा माझा मलाच करून घ्यावा लागला.

तुम्हाला कळतं यातलं? मला नाही कळत. शिकलो पुष्कळ, तर्कशास्त्र शिकवलंही, पण चौघं एकदम वाजवायला लागले की माझा कान आपला पहिल्या व्हायोलिनच्या मागे जातो. चाल त्याच्याकडे असते ना. लग्नात सगळ्यांनी नवरीकडे बघावं तसं होतं ते—मधली माणसं राबत असतात, त्यांच्याकडे कोण बघतंय. एकदा कार्यक्रम झाल्यावर मुलीने विचारलं, बाबा, आज माझं कसं झालं? मी म्हटलं, उत्तम, नेहमीसारखं. तिची तार तुटली होती त्या दिवशी. अर्धा भाग ती हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि मी म्हणतोय नेहमीसारखं. हसली ती. नंतर कितीतरी दिवस घरात काही मोडलं, फुटलं, की जावई म्हणायचे, उत्तम, नेहमीसारखं.

—काय म्हणालात? जरा या बाजूने बोला, हा चांगला कान. हां, काल. काल वाजली ना, म्हणून तर हा सगळा घोळ. काल आणि आज, दोन्ही संध्याकाळी तेच वाजवायचं आणि जे चांगलं उतरेल ते ठेवायचं, असं ठरलंय त्यांचं. काल मी पुढे होतो, तिसऱ्या रांगेत, घरच्यांच्या जागेवर. सगळं छान चाललं होतं. मध्यंतरानंतर शेवटची रचना आली, तिच्यातला संथ भाग—तो त्यांनी आमच्या बाहेरच्या खोलीत इतका घासलाय की मी सूप पिताना चमचासुद्धा त्या लयीत उचलतो—तो सुरू झाला आणि त्यात ही शिट्टी. लांबलचक. भाग संपल्यावर रेकॉर्डिंगवाला स्वतः मंचावर आला, हेडफोन गळ्यात, हात जोडून म्हणाला, कृपा करून मोबाईल बघा, घड्याळं बघा, कुठून तरी शिट्टी येतेय. आणि मी काय करावं? मी मागे वळून बघितलं. मागे एक तरुण गृहस्थ होते, त्यांच्याकडे असं बघितलं, परीक्षेत शेजाऱ्याच्या पेपरात डोकावणाऱ्याकडे बघायचो तसं. बिचाऱ्यांनी सगळे खिसे चाचपले. बायकोची पर्ससुद्धा उघडून बघितली. आज आले असतील का हो ते? नको, आले असले तरी दाखवू नका मला.

मग आज सकाळी जावयांना समोर उभं केलं आणि शोधूनच काढलं. मान सरळ—वाजतंय? नाही. डावीकडे—नाही. उजवीकडे कलवली, कोटाची कॉलर मशीनला टेकली, आणि जावयांनी डोळे असे मिटले, दातांना थंड लागावं तसे. म्हणजे मशीनवर काही टेकलं की ते शिट्टी मारतं. आता माझी मान उजवीकडे कधी कलते? मुद्दाम नाही कलवत मी. काहीतरी फार चांगलं, फार हळू वाजायला लागलं की आपली आपण जाते. बायको हयात असताना कोपराने ढोसायची, झोप लागली समजून. तेव्हा बघा, लोक शिट्टी मारून दाद देतात म्हणतात, ती मी अक्षरशः दिली. स्वतःच्या मुलीला. माईकसमोर.

आणि आज बिघडलं तर उद्या नाही. चेलोवाल्या गृहस्थांचे बोटांचे सांधे धरलेत, मध्यंतरापर्यंत कसेबसे वाजवतात, मग आत गरम पाण्यात हात बुडवून बसतात. आज वाजवलं की त्यांनी थांबायचं ठरवलंय, आणि ते थांबले की चौकडी संपली. दुसरा माणूस घ्यायचा नाही म्हणतात ही तिघं. म्हणजे मागे उरणार ते हे रेकॉर्डिंग. त्यात संथ भाग कालचा घेता येत नाही—माझ्यामुळे. बहुधा माझ्यामुळे. हॉलमध्ये आणखी कोणाच्या कानात मशीन नसेल असं कसं म्हणता येईल? पण त्यांच्या माना काय करत होत्या कोण जाणे, माझी मला माहीत आहे.

म्हणून पूर्वार्धभर पाठीत काठी घातल्यासारखा बसलो. कॉलरचा कोट घरी ठेवला, हा बिनकॉलरचा स्वेटर बघा, टोचतोय. मान सरळ ठेवली. पण सगळं लक्ष मानेकडे. काय वाजवलं विचाराल तर शपथेवर सांगतो, मला माहीत नाही. अशा ऐकण्याला ऐकणं म्हणायचं का? मशीन ठेवलं तर मान राखत बसायचं, काढलं तर आलोच कशाला—तुम्ही असं करा ना, ताई, मान कलली की कोपराने ढोसा मला. संकोच करू नका, मी तुमच्या वडिलांच्या वयाचा. पण तुम्ही ढोसलंत की मी दचकणार, दचकलो की खुर्ची करकरणार. नको. राहू दे. ढोसू नका.

पुढे? पुढे का नाही बसलो आज? अहो, मागे बरं असतं. आवाज... आवाज मिसळून येतो मागे. आणि खांब आहे, टेकता येतं—खांबाला कसा टेकणार मी, तुमचंही बरोबर आहे. त्याच्याआड बसलं की मंचावरून दिसत नाही माणूस, एवढंच. काल घरी गेल्यावर मला वाटलं ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं, मी भांडलो असतो, म्हटलं असतं, मशीन मी हौसेने घातलंय का? पण ती जवळ आली, माझी कॉलर नीट दुमडली, तिच्या आईसारखी, आणि म्हणाली, "बाबा, उद्या घरीच थांबा. दमता तुम्ही. रेकॉर्डिंग आलं की आपण दोघं बसून ऐकू." शिट्टीचं अक्षर काढलं नाही. मी म्हटलं, बरं. डोकं दुखतंय, लवकर पडतो, असं आज जावयांना सांगितलं आणि ते दोघं बाहेर पडल्यावर मागून तिकीट काढून आलो. या वयात वर्गातून नाही, घरातून पळालो.

कारण रेकॉर्डिंग या मशीनमधून ऐकलं की मोरीत भांडी पडल्यासारखं वाजतं, ते तिला मी कधी सांगितलेलं नाही. सांगून काय करणार? मशीन काढून ऐकलं तर वरचं काहीच पोचत नाही. पहिलं व्हायोलिन वर चढलं की माझ्यापुरतं गप्प होतं, बोटं दिसतात, तारांवर फिरणारा बो दिसतो, आवाज नाही. चाल म्हणतात ती जाते. मग राहतं काय? आज दुपारी ती आत सराव करत होती, मशीन टेबलावर, मी खिडकीशी. आणि मला आलं ऐकू. ऐकू आलं म्हणणं जरा जास्त होईल—लागलं. तिचंच. एवढी वर्षं नवरीकडे बघत होतो, आता नवरीच दिसेनाशी झाली म्हटल्यावर... हा आपला माझा अंदाज हं. खात्री नाही. चौघं एकत्र वाजवत असताना कधी करून बघितलेलं नाही. कदाचित नुसता चेलो घुमेल आणि ती नाहीच सापडणार. मग संथ भाग मी नुसताच बघत बसणार, दुकानाच्या काचेबाहेरून बघावं तसा, आणि पुन्हा काही तो होणार नाही.

लोक का येताहेत? घंटा झाली? झाली होय. बघा, मला ती पण नाही आली. या, या, जाऊ द्या त्यांना—पाय आत घेतो मी.

आले चौघं. चेलोवाल्यांनी हात पुसले, बघा. ती बसली. धरा हे जरा, चष्म्याचं घर, उघडं धरा. असं मुठीत धरलं तर मशीन उलट जास्त ओरडतं, बॅटरीचं झाकण उघडावं लागतं—माझी बोटं—हां, निघालं. झालं बंद. टाकलं. लावा झाकण.

ती तिकडे काय बघतेय? तिसऱ्या रांगेत. माझी खुर्ची आहे ती, ताई, तिने कोणाला दिलेली दिसत नाही. स्वतःच थांबा म्हणाली मला आणि स्वतःच बघतेय. हात करू का? नको, नको, खुर्ची वाजेल. बो उचलला तिने.

तुम्ही काही म्हणालात? असू दे, आता मला काही सांगू नका. मान कलली तरी कलू दे. शू.