टाचणी लावलेली पँट

आई : पन्नाशी उलटलेल्या घोड्याला आईसमोर उभं राहायला लाज वाटते? पुन्हा टाचणी लावून पँट मशीनवर टाकून गेला तुझा नवरा! चाळीस वर्षं शिवणकाम केलंय मी. दुसऱ्याच्या टाचणीवर कधी कात्री लावली नाही.

सून : अहो आई, त्यांना वेळ कुठे असतो? सकाळी फिरायला, मग ऑफिस.

आई : आरशाला बरा वेळ सापडतो. काल किती वेळ गाल चाचपत उभा होता!

सून : राहू दे हो. जन्मभर ढब्बू म्हणून घेतलं, आता कुठे कौतुक होतंय. सहा महिन्यांत सोळा किलो उतरवले! शेजारच्या काकू स्वतःच्या नवऱ्याला यांचे दाखले देतात.

आई : ढब्बू मीच ठेवलं. चार वर्षांचा होता, पोटावरचं बटण उडून थेट माझ्या चहात पडलं. दुसरं काय म्हणणार होते?

सून : आणि आता जिन्यात उभं राहून लेकाची कंबर सगळ्यांना सांगत होतं, ते कोण?

आई : मीच. तोंड आहे मला. आला बघ. ए ढब्बू, इकडे ये. उभा राहा असा.

मुलगा : आई, खूण केलीय ना? तेवढीच कंबर दाबून दे. मला घाई आहे.

आई : मला नाहीये. हात वर कर. छत्तीस. बेचाळीस होती.

मुलगा : बघ! गोड बंद, तळलेलं बंद, रोज तासभर चालणं.

आई : मान वर. कॉलरमध्ये माझी चार बोटं जातायत.

मुलगा : उतरतं तेव्हा सगळीकडूनच उतरतं.

आई : पाय सरळ ठेव. मांडी बघू दे.

(टेप मांडीभोवती फिरते. सुटते. पुन्हा फिरते.)

आई : शाळेतल्या कवायतीच्या मास्तरांच्या पँटी वीस वर्षं शिवल्यात मी. चालणाऱ्याची मांडी बारीक झाली तरी हाताला दगडासारखी लागते. ही रिकामी पिशवी झालीय. किती चालतोस?

मुलगा : सांगितलं ना. तासभर.

आई : माझ्याकडे बघून सांग.

मुलगा : बागेपर्यंत जातो.

सून : आणि पुढे?

मुलगा : बसतो. फाटकाजवळच्या बाकावर. तिथवरच धाप लागते. तासाभराने उठून घरी येतो. दोन महिने झाले.

सून : अहो, काय बोलताय? रोज पाण्याची बाटली भरून देते मी तुम्हाला! मग वजन कशाने उतरतंय?

मुलगा : सुरुवातीला खरंच चाललो गं. चार-पाच किलो त्याने गेले. मग चालवेना, पण काटा खालीच येत राहिला. मला कळत नव्हतं असं नाही.

सून : मग डॉक्टरकडे नाही गेलात? निदान मला तरी सांगायचं!

मुलगा : लोक वा म्हणत होते. लग्नात नटूनथटून उभा होतो तेव्हासुद्धा मला कुणी वा म्हटलं नव्हतं. तू म्हणालीस. आई जिन्यात बोलत होती ते मी खालून ऐकलं. बावन्न वर्षांत पहिल्यांदा. वाटलं, चार दिवस ऐकून घ्यावं, मग जाऊ.

आई : चार दिवस.

मुलगा : मग भीतीच वाटायला लागली.

सून : मला कसं दिसलं नाही? एका अंथरुणात झोपते मी.

आई : तू कौतुकाने बघत होतीस. कौतुकाने बघणाऱ्याला हाडं दिसत नाहीत. रडायचं नंतर. दवाखाना सातपर्यंत उघडा असतो. त्याचा स्वेटर आण, तूही चल.

मुलगा : उद्या जाऊ ना. ऑफिसात सांगतो, रजा टाकतो...

आई : तुझ्या बाबांच्या पँटीला कमरेत मी तीनदा टिपा मारल्या. पहिल्यांदा ते हसले. दुसऱ्यांदा मी हसले. तिसऱ्यांदा मांडीला टेप लावली आणि मला समजलं.

मुलगा : कधी बोलली नाहीस.

आई : कुणाजवळच नाही. त्यांच्याजवळही नाही. टीप मारली, इस्त्री फिरवली, घडी घालून हातात दिली. दोन महिने तीच घालून कामावर गेले ते. मग डॉक्टरने मला विचारलं, बाई, इतके दिवस घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही? मी म्हटलं, नाही आलं.

मुलगा : आई...

आई : बूट घाल. आणि मान खाली घालू नकोस. भित्रा आहेस तू. लोक म्हणतात बाबांवर गेलास. नाही रे. माझ्यावर गेलायस.