निळ्या गाडीची डिकी

थोरला : ...तोच मळकट निळा रंग. बाबांच्या टॅक्सीची सख्खी बहीण शोभते. परदेशात आलो तर मला हेच दाखवायचं होतं तुला?

धाकटा : गाड्यांचं संग्रहालय बघू, असं तूच म्हणालास, दादा. काल जेवताना माझ्या बायकोला रंगवून सांगत होतास, बाबांनी जन्मभर टॅक्सी चालवली, आम्ही भाऊ पेट्रोलच्या वासात वाढलो. तिला केवढं कौतुक. वास कुठे बसून घ्यायचो ते नाही सांगितलंस.

थोरला : चल पुढे. ती लाल गाडी बघू.

धाकटा : थांब. डिकी उघडी ठेवलीय बघ. आत दिवा, खाली गालिचा. एवढीशीच होती? मला वाटायचं, हिच्यात अख्खं गाव मावेल.

थोरला : तू लहान होतास.

धाकटा : मला आत कोंबून झाकण तू लावायचास.

थोरला : बाबा लावायला लावायचे. मी नसतं लावलं तर मी आत असतो.

धाकटा : असायचासही. तेव्हा मी लावलंय, चांगलं जोर करून. आता बोल. आल्यापासून घुम्यासारखा फिरतोयस. म्हाताऱ्याला तुझ्याकडे ठेवून घे, एवढं एकच पालुपद. का, ते सांगत नाहीस.

थोरला : हात उठतो माझा त्यांच्यावर.

धाकटा : कुठे मारतोस?

थोरला : आपल्याला मारायचे तिथेच. सदऱ्याच्या आत. कुणाला दिसत नाही.

धाकटा : बरं करतोस.

थोरला : पुढचं ऐक. उन्हाळ्यात त्यांनी ताट भिरकावलं, माझ्या पोराच्या कपाळाला खोक पडली. मी त्यांना उचललं आणि माझ्या गाडीच्या डिकीत घातलं. बाजारात गेलो. भाजी घेतली, चहा प्यालो. लोकांना नंतर सांगितलं, म्हातारा भ्रमिष्ट झालाय, आपणच चढून बसला.

धाकटा : ओरडला का?

थोरला : आधी लाथा मारल्या. मग गप्प.

धाकटा : नखं तुटली? माझी तुटायची. नीट सांग ना, इतकी वर्षं वाट बघितलीय मी.

थोरला : हसू नकोस.

धाकटा : मेला असता तर गावभर साखर वाटली असती मी.

(थोरला त्याच्या थोबाडीत मारतो. धाकटा त्याची कॉलर धरून त्याला निळ्या गाडीवर आपटतो, पुन्हा आपटतो. संग्रहालयाचा धोक्याचा भोंगा वाजतो. पहारेकरी धावत येऊन दोघांना सोडवतो, दरडावतो, निघून जातो.)

थोरला : काय म्हणाला तो?

धाकटा : गाडीला हात लावायचा नाही म्हणाला. माणसांबद्दल काही बोलला नाही. ओठ पूस, रक्त येतंय.

थोरला : तुला कळत नाहीये. त्या दिवसापासून ते भांडतच नाहीत. दवाखान्यात न्यायला गाडी काढली की मी पुढचं दार उघडून धरतो. आणि ते काठी टेकत मागे जातात. डिकीपाशी उभे राहतात, मान खाली घालून. आपण राहायचो तसे.

धाकटा : आपणहून?

थोरला : आपणहून. आणि दर वेळी मला झाकण उघडावंसं वाटतं. पुढच्या खेपेला उघडेन, आणि मग त्यांना बाहेर काढणार नाही. हे मला माहीत आहे, म्हणून विमानात बसून तुझ्यापर्यंत आलो. तुझा राग तरी जुना झालाय.

धाकटा : जुना झाला म्हणजे मुरला, दादा. गेला नाही.

थोरला : मग मी काय करू? सांग.

धाकटा : जिन्याखालची खोली रिकामी आहे. काढ तिकीट. पण लगेच नको. दाराला आतून कडी नाही, ती बसवून घेतो.

थोरला : आतून कशाला? आत पडले-झडले तर उघडायचं कुणी?

धाकटा : असू दे. मी कामावरून घरी आलो की लावून घेता आली पाहिजे त्यांना.