खुर्चीला फुटलेल्या बाह्या

(प्रदर्शनाचं दालन. संध्याकाळी उद्घाटन आहे.)

लेक : बाही नाहीये ती, आई. हात टेकायचा भाग आहे.

आई : मला शिकवतेस? कफाला बटणसुद्धा आहे.

लेक : सुतारही हेच म्हणाला. पण कॉम्प्युटरने जसं काढून दिलं तसंच घडवायचं, मध्ये आपलं डोकं लावायचं नाही, असं ठरलं होतं.

आई : आणि पाठीवर हा डोंगर कसला?

लेक : ते तुला सांगायचं राहिलं.

आई : सांग आता.

लेक : प्रोग्रॅमला मी आपल्या घरातले फोटो दिले होते. वाढदिवसाचे, मांजराचे, सगळे. म्हटलं, खुर्ची म्हणजे काय ते यातून तूच शिक, आणि मग नवी काढ.

आई : मग?

लेक : कपडे नसलेल्या खुर्चीचा आपल्याकडे एकही फोटो नाही. त्याला वाटलं, खुर्ची अशीच असते. चार पाय, पाठ आणि ढीग.

आई : म्हणजे माझ्या घड्या घालायच्या राहिलेल्या कपड्यांचा ढीग तू लाकडात कोरून घेतलास?

लेक : पॉलिशही केलं.

आई : आणि हा पडदा?

लेक : पडदा नाही, मागावर विणून घेतलेलं कापड आहे. तेच फोटो, तोच प्रोग्रॅम. निवड समितीला या वेली फार आवडल्या.

आई : कसल्या वेली? तुझ्या बाबांच्या पायजम्याच्या नाड्या आहेत या. उचल ती खुर्ची. संध्याकाळी तुझी काकू यायचीये.

लेक : मुख्य वस्तू तीच आहे. ती काढली तर माझं नुसतं एक स्टूल उरतं.

आई : मग स्टूल ठेव. स्टुलाला काय झालंय?

लेक : त्याच्यावर टॉवेल आहे.

आई : अगं, तिच्या घरात उशीसुद्धा विचारून वाकडी होते. इतकी वर्षं मी तिला लग्नात भेटतेय, दवाखान्यात भेटतेय. घरी या म्हणाले नाही, ते उगीच? पाटीवर काय लिहिलंयस?

लेक : ‘कलाकाराच्या आईच्या घरातील छायाचित्रांवरून.’

आई : दुसऱ्या कुणाची आई मिळाली नाही तुला?

लेक : छापून झालंय.

आई : मग तू पाटीसमोर उभी राहा. संध्याकाळभर.

(काकू ठरल्या वेळेआधीच येतात. लेक पाटीसमोर सरकते.)

काकू : म्हटलं, गर्दीच्या आधी बघून घ्यावं. ही काय वस्तू?

आई : खुर्ची आहे, वहिनी. मॉडर्न. आपल्याला नाही कळायची.

काकू : न कळायला काय झालं? इस्त्रीचे राहिलेले कपडे आहेत. ही चादर. हा खाली दबलेला मोजा.

लेक : मोजा? मला तर दिसलाच नव्हता.

काकू : मोजा खालीच सापडतो. पोरी, सरक, पाटी वाचू दे.

लेक : काकू, आधी वेली बघा ना.

काकू : नाड्या बघितल्या. सरक.

आई : सरक गं. वाचू दे त्यांना.

काकू : हे तुझं घर?

आई : माझंच.

काकू : रोज असं?

आई : पाहुणे यायचे असले की जास्त.

काकू : आमची अशी खुर्ची आतल्या खोलीत असते. कुणी आलं की मी दाराला कडी लावते.

आई : तुमच्याकडे, वहिनी?

काकू : हळू बोल, लोक येतायत.

लेक : मग पाटी राहू दे ना, आई?

आई : राहू दे. वहिनी, रविवारी घरी या.

काकू : येईन. पण माझ्यासाठी आवरत बसू नकोस.

आई : कधी आवरलंय, वहिनी?