भांगाचे अकरा फोटो

सन्माननीय अध्यक्ष, रुग्णालयाचे अधिष्ठाता सर, व्यासपीठावरील ज्येष्ठ सहकारी, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती आपले फोटोकाका, त्यांच्याशेजारी संकोचून बसलेल्या काकू आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

केसविकार विभागाचा प्रमुख म्हणून मी चार शब्द बोलावेत, असा आदेश झाला आहे. चारात भागेल असं वाटत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

काकांनी एकतीस वर्षं या इमारतीत फक्त डोकी टिपली. तीच खुर्ची, तोच दिवा, तेवढंच अंतर. पुरुष असेल तर कपाळाचे दोन्ही कोपरे आणि टाळू. बाई असेल तर मधोमध भांग पाडून वरून एक फोटो. मग मी तो फोटो तक्त्यावरच्या चित्रांशी ताडून पाहायचो. पुरुषांसाठी सात चित्रं, बायकांसाठी तीन. ज्या चित्राशी जुळेल तो आकडा. केसगळती किती गंभीर, हे तेवढ्यात ठरायचं. पहिल्या रांगेतल्यांनी कृपया डोक्यावरून हात फिरवू नये. माझा स्वतःचा आकडा सहा आहे आणि माझं काही अडलेलं नाही.

हेच वाक्य मी घरीही म्हणायचो. तिथेच माझं चुकलं.

माझ्या बायकोचा भांग रुंद व्हायला लागला, तेव्हा ती काकांच्या खुर्चीत येऊन बसली. मी फोटो तक्त्याला लावून पाहिला आणि लिहिलं, "सौम्य." तिला म्हणालो, "अगं, पहिल्या चित्राच्याही पुढे नाहीस. उगाच मनाला लावून घेऊ नकोस." ती बरं म्हणाली. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं ती येत राहिली, औषध लावत राहिली आणि मी दरवेळी "सौम्य" लिहीत राहिलो.

गेल्या वर्षी ती गेली. तापाचं निमित्त झालं, चार दिवसांत सगळं संपलं. शोकसभेसाठी मुलीने आईचा अलीकडचा फोटो मागितला. आम्ही घरातले सगळे फोन पालथे घातले. सहली, लग्नं, मुलीचं पदवीदान, सगळीकडे फोटो काढणारी हीच. चार वर्षांत ती एकाही फोटोत नव्हती आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. डोळे असून आंधळा म्हणतात, तो मीच.

शेवटी काकांकडे गेलो. त्यांनी फाईल उघडली. अकरा फोटो निघाले, सगळे वरून काढलेले, भांगाचे.

मी विचारलं, "काका, चेहऱ्याचा एकही नाही?"

"साहेब, मी दरवेळी विचारायचो. वहिनी, एक समोरून काढू का? त्या म्हणायच्या, केस आले की काढू."



तेव्हापासून काका प्रत्येक पेशंटला खुर्चीत बसवताना विचारतात, "तुमचा शेवटचा फोटो कधी काढला?" उत्तर कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहितात. सातव्या चित्रातले एक गृहस्थ म्हणाले, "काल. नातवाने काढला." पहिल्या चित्रातली एक मुलगी म्हणाली, "आठवत नाही." पूर्वी मी तिची दोन मिनिटांत बोळवण केली असती. आता मी आधी कोपरा वाचतो, मग तक्ता पाहतो. काका, उद्यापासून तो प्रश्न मी विचारीन. पेन्सिल तेवढी ठेवून जा.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्यावं. सभागृहाची क्षमा मागणं सोपं असतं. घरी भिंतीवर तिचा फोटो आहे, केस दाट होते तेव्हाचा. रोज त्याच्यासमोर क्षमा मागायला उभा राहतो आणि मागता येत नाही. कारण जिला मी दुखावलं, तिचा फोटो नाही.