दुसरं बिस्किट

नाही, बसा की, बाक काय माझ्या बापाचा आहे? फक्त ती मासळीची पुडी तिकडच्या बाजूला धरा, त्यावरच्या कांद्याचा वास माझ्या केसांत बसतो – आणि एक सांगा आजोबा, सगळे बाक रिकामे असताना तुम्ही नेमके इथेच का बसलात? पोलीस चौकीच्या समोर? तुम्ही त्यांच्यातले तर नाही ना? नसाल. सुट्टीच्या दिवशी कुठला पोलीस शेपटीला धरून मासा खातो. तरी विचारलेलं बरं. सध्या माझा कुणावरच भरवसा नाही, मी इथल्या बायबललासुद्धा ओळखपत्र मागेन.

मी येल्का. इथली नाही, पार दक्षिणेकडच्या ब्रेडाची. मी आणि आई शुक्रवारी आलो इकडे ग्रोनिंगनला, वाउटरकाका आणि मारिटमावशीकडे – म्हणजे सख्खे काका-मावशी नव्हेत, आईचे कॉलेजपासूनचे मित्र. सोमवारची सणाची सुट्टी जोडून आली, चार दिवस मजा करू, आई म्हणाली. मजा! मला पहिल्या तासातच वास आला. कशावरून? बिस्किटावरून. तुम्हाला सांगायला नको, तुम्ही इथलेच आहात – कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं, एकच, आणि डब्याचं झाकण टक्कन बंद. जन्मापासून हेच बघतेय. मारिटमावशी तर झाकण बंद करून वर हात ठेवते. आणि शुक्रवारी तिने मला दिलं एक, आणि डबा उघडाच ठेवला. उघडा! वर म्हणते, घे गं अजून. मी घेतलं, खाल्लंही. दुसरं बिस्किट फुकट मिळत नाही आजोबा. एक तर कुणी मेलेलं असतं, नाही तर तुम्हाला कुठेतरी सोडून जायचं असतं.

मग मी डोळे उघडे ठेवले. वाउटरकाकांनी एक जुनी सायकल पुसून ठेवलेली, तिला नवी घंटा, आणि म्हणाले, ही तुझी. चार दिवसांसाठी घंटा कोण बसवतं? आईने माझ्या बॅगेत थंडीचं जाड जाकीट भरलेलं – जून महिन्यात! विचारलं तर म्हणाली, उत्तरेला वारा असतो. वारा म्हणे. आणि तिघं स्वयंपाकघरात कुजबुजायची, मी दारात आले की लगेच ट्यूलिपच्या कंदांवर गप्पा. मी म्हटलं, आईचं लग्न ठरलं असणार कुणाशी तरी. किंवा मला इथल्या शाळेत घालणार, तिकडच्या दोन शाळांनी काढलंय म्हणून. दोन म्हणजे – दुसरीने काढलं नाही, दुसरीने विनंती केली. मुख्याध्यापकांच्या खुर्चीखाली सायकलचा भोंगा मी बांधला, हे खरं, पण त्यावर सगळ्या पालकांसमोर बसायला मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

काय सांगत होते? हां, संडास. हसू नका, तिथेच तर सापडलं. आता संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर तुमच्याही भिंतीला असेलच, कुणाच्या नसतं – बसायचं आणि समोर बघायचं, कोणाचा कधी. तर माझा एक उद्योग आहे. कुणाच्याही घरी गेले की त्या कॅलेंडरात एक नाव लिहून येते. नेल्ली आत्या. अशी कुणी नाहीच! पण घरचे वर्षभर डोकं खाजवतात, ही कुणाकडची, तुझ्याकडची की माझ्याकडची. आमच्या शेजारणीने तर तिच्यासाठी कार्ड आणून ठेवलं, पत्ता शोधत होती बिचारी. तर शनिवारी सकाळी मी पेन घेऊन बसले. पानं चाळतेय, चाळतेय – नोव्हेंबरात चार तारखेला माझंच नाव. येल्का. शाई ताजी, अंगठ्याला लागली. आता आईचं नाव तिथे कधीपासूनचं आहे, वीस फेब्रुवारी, शाई पार पिवळी पडलीय. माझं नव्हतं कधी. म्हणजे नोव्हेंबरात त्यांच्या डोक्यात मी आहे, जाकिटासकट. बघा किती हुशार माणसं – दार लावून कुजबुजतात, पर्स लपवतात, आणि लिहितात कुठे तर जिथे मी रोज सकाळी पाव तास बसते तिथे. सवय! तारीख म्हटली की त्यांचा हात आपोआप संडासाकडे जातो.

पण ते सोडा. मी मागे गेले तर सप्टेंबरात, बारा तारखेला – हिल्दे. हिल्दे म्हणजे आई. ताज्या शाईत. आता माणूस वर्षातून दोनदा जन्मतो का? नाही ना. मी म्हटलं, हे लग्न. नक्की लग्न. म्हणून आज सकाळी, हाताला लागली तशी, मी तिची पर्स उघडली. उघडू नये, माहितीय, तुम्ही भुवया खाली करा.

लग्न नव्हतं. पत्र होतं. उद्या मंगळवारी दहाच्या आत हजर व्हा, ओळखपत्र आणा. तुरुंगाचं, आजोबा. बारा सप्टेंबर ही सुटायची तारीख, तीही पुढच्या वर्षीची – संडासातल्या कॅलेंडरात साल कुठे असतं. इथे असंच असतं ना, पकडायला कुणी येत नाही, पत्र येतं, आणि आपण आपली बॅग भरून जायचं, दातांच्या डॉक्टरकडे जातात तसं. आणि मला काय सांगितलेलं? प्रकरण मिटलं. मिटलं म्हणे! आज जेवण झालं की ती निघणार, कामावर जाते म्हणून सांगणार, आणि मी इथे, घंटा वाजवत.

काही नाही हो, अपघात झाला होता. आईने दुकानाच्या आवारात गाडीने एका सायकलवरच्या म्हाताऱ्याला पाडलं आणि थांबली नाही. पाय मोडला त्याचा, काठी घेऊन चालतो अजून. माझा पाय ब्रेकवर जायच्या ऐवजी – म्हणजे आईचा. आईचा पाय. असं काय बघताय? तुमच्यासारखाच होता तो, टोपीसुद्धा अशीच.

गंमत करत होते. ती मागे सामान भरत होती, किल्ली गाडीलाच होती, म्हटलं आवारात एक चक्कर मारू, ती पिशव्या घेऊन मागे पळेल, मजा येईल. पळाली पण. दार उघडून उडी मारून आत आली, ओरडत, आणि मी तिच्याकडे बघून हसत होते. तो दिसलाच नाही. आवाज झाला फक्त. मी चौकापर्यंत थांबलेच नाही. तिथे थांबले, तेव्हा ती ओरडत नव्हती. म्हणाली, "सरक तिकडे." एवढंच. मी सरकले. गाडी तिनेही मागे वळवली नाही, घरी नेली. आणि पोलीस आले तेव्हा दार तिने उघडलं, मी जिन्यात होते, वर जाता जाता ऐकलं, ती म्हणाली, "मीच चालवत होते." मी खाली आले नाही आजोबा. बिस्किटावर, घंटेवर, सगळ्यांवर मी संशय घेत होते, आणि जिन्यात उभी होती ती कोण?

खोटं बोलली म्हणून तिला आणखी शिक्षा देतील का? तुम्हाला माहीत असेल तर सांगा. दोन तास हेच घोळवतेय. घरी सांगून आलेय की पाव आणायला जाते.

थांबा – पुलावर बघा. निळा स्कार्फ, सायकल हातात धरून. आईच ती. तिला पर्स उघडी दिसली असणार.

हे धरा. सप्टेंबरचं पान आहे, फाडून आणलं. चुरगळू नका, हात तेलकट आहेत तुमचे. बारा तारखेवर काट मारलीय, वर माझं नाव लिहिलंय. अक्षर वाईट आहे, तिला वाचता येईल. ती इथवर आली की द्यायचं, मी आत गेल्यावर, आधी नाही. कुणी दिलं विचारलं तर सांगा, नेल्ली आत्याने.

चौकीच्या दाराची घंटा दाबली हो मी. सुट्टी असली तरी आत कुणीतरी असतं, पावलं ऐकू येतायत.

आता बघू नका माझ्याकडे. मासा खा तुम्ही.