धरून चाललेली गोष्ट

शिकागोतल्या आमच्या नेहमीच्या लाँड्रीत ड्रायर फिरत होता. माझ्याशेजारी बाकावर एक जोडी सरावाचं पुस्तक उघडून बसली होती.

"लॉ स्कूलच्या प्रवेशपरीक्षेच्या सरावात मार्क वाढतायत का गं, नोरीन?"

"वाढणारच. न सांगता धरून चाललेली गोष्ट ओळखायचे प्रश्न आता चुकत नाहीत माझे."

"मग हा घे. मुलगी वकिली शिकायला बॉस्टनला जायला लगेच हो म्हणाली. लग्नाला मात्र कधीच हो म्हणाली नाही. म्हणजे तिला लग्न करायचंच नाही."

"पुस्तकातला आहे हा?"

"सोडव गं मुकाट्याने."

"सोप्पा आहे, ड्वेन. लग्नाचं तिला कुणीतरी विचारलंय, असं तू धरून चाललायस."

ड्वेनने पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"ड्रायर थांबला बघ. कपडे आणते."

"राहू देत कपडे. तू आधी बस खाली."