म्हाळाच्या पंधरवड्यातलं टायर

माझं गाव शाहूवाडी तालुक्यात, डोंगराच्या अंगाला, भाताचं गाव. पाऊस असा पडायचा की सरपण वाळायचं न्हाय आनि चूल पेटायची न्हाय, आनि आमच्या नावावर हातभर रान न्हाय, म्हंजे चिखलात वाकायचं आमी आनि भात जायाचं दुसऱ्याच्या घरात. आज्ज्यानं छप्पन्न सालानंतर घरातलं देव नदीत सोडलं, तवापास्नं आमी बौद्ध. उपास न्हाय, नवस न्हाय, मुहूर्त न्हाय. माझं लगीन बी भर पावसाळ्यात झालं, भटजीला इचारायचं कारणच न्हवतं. हे कशाला सांगतुया तर फुडं लागणार हाय, न्हायतर म्हणशीला नामदेव टायरचं सांगायचं सोडून जातीचं सांगत बसला.

नव्वद सालाच्या आसपास कोल्हापुरात आलो. हायवेला एका उस्तादाच्या टायरच्या दुकानात ऱ्हायलो. उस्ताद मोठा कारागीर, पर तोंड लई वंगाळ, शिवी दिल्याबिगर पाना मागायचा न्हाय. त्याच्याकडं ट्रकचं गोटा झालेलं टायर यायचं, म्हंजे नक्षी पार झिजून गुळगुळीत झालेलं, आनि उस्ताद विजेवर तापलेल्या पात्यानं त्यात नवी नक्षी कोरायचा. रबराचा वास असा सुटायचा की जेवान जायाचं न्हाय. मी बी शिकलो. माझा हात त्याच्यापरास सरळ चालायचा, ते त्यानं कधी कबूल केलं न्हाय. पर एक सांगून ठेवलंतं त्यानं, नाम्या, ट्रकच्या टायरला खाली जाड रबर असतंय म्हणून कोरायचं, मोटरसायकलच्या टायरला पातं लावशील तर हात तोडीन, तिला खाली मांसच नसतंय, निस्ता धागा.

पाच-सहा वर्सं तिथं काढली आनि वाटलं आपलं कायतरी टाकावं. कोल्हापूरला लागूनच्या उचगावात जागा हुडकत फिरलो. ह्येनं इचारायचं पावणं कुठलं, त्येनं इचारायचं आडनाव काय, आनि आडनाव सांगितलं की म्हणायचं जागा कालच दुसऱ्याला दिली. एकाची ती जागा आजून मोकळी हाय, जाता-येता बघतोय मी. शेवटाला आनंदादानं दिली. आनंदादा म्हंजे दूधवाला, घरच्या म्हशी, आनि गल्लीतल्या चार घरचं दूध गोळा करून, मोटरसायकलला चार क्यान लावून रोज सकाळी कोल्हापुरात रतीब घालायचा. गोठ्याफुडची जागा मोकळी हुती, म्हणला टाक की मर्दा तुझी टपरी, म्हशीस्नी काय तुझा तरास न्हाय. त्याच्या बायकोनं, वैनीनं, पयल्या दिवशी च्या दिला त्यो घरातल्याच कपात. मी कप हातात फिरवून फिरवून बघितला. तिला वाटलं कपात कायतरी पडलंय.

मग काय सांगू तुम्हाला, धंदा बसला. माझं एकच, टायर मरू द्यायचं न्हाय. दुकानदार नवं टायर खपवायला बसलेला असतोय, मी हाय ते टायर जगवायला बसलोय. दूधवाल्याच्या गाडीचं मागचं टायर सगळ्यात आदी मरतंय, वजन पेलून पेलून. हवा बघायची ती सकाळी, गाडी थंड असताना, उनातनं पळून आलेल्या गाडीची बघून उपेग न्हाय, ती फुगलेली दिसती. क्यान लावायच्या आदी मागं वाईच हवा वाढवायची. चेन ताणताना चाक वाकडं बसलं की टायर एकाच बाजूनं झिजतंय. ब्रेक मारायचं ते दोन्ही मिळून, मागचा एकटा दाबून गाडी फरफटायची न्हाय. नक्षीत आडकलेला खडा रोज खिळ्यानं काढायचा, न्हाय काढला की त्यो आत आत जातोय. लोक ऐकायची, आनंदादा तर शाळंतल्यागत ऐकायचा, त्याचं टायर दुसऱ्याच्या दुप्पट जायाचं. मग जो तो इचाराय यायला लागला, मेस्त्री, हे आजून किती दिस जाईल. मी अंगठ्यानं दाबून बघायचो आनि सांगायचो म्हयना जाईल, पंधरा दिस जाईल, आनि तसंच व्हायचं. चढली मला. उचगावात म्हणायची नामा मेस्त्री बोलला म्हंजे झालं. थांबा, त्या गाडीला बघून येतो, एका जाग्यावर बसून मला हे सांगता येत न्हाय.

व्हय, तर दोन हजार सालानंतरची गोष्ट, भादवा म्हयना. म्हाळाचा पंधरवडा चालू हुता, तुमच्याकडं पितृपक्ष म्हणत असतील. ह्या पंधरा दिसात हिंदू माणूस नवं कायबी घेत न्हाय, कापड न्हाय, भांडं न्हाय, गाडीचं टायर बी न्हाय. दरवर्सी ह्या दिसांत माझ्याकडं गर्दी, का तर ज्येला त्येला जुनंच टायर रेटायचं असतंय, घट बसायच्या दिवशी नवं घालायचं. आनंदादाचं मागचं टायर नेमकं तवाच गोटा झालं. पैसा न्हवता असं न्हाय. पर म्हणला अकरा दिस राहिल्यात नामा, बा गेल्यावरचा पयलाच म्हाळ हाय, तुझी वैनी ऐकायची न्हाय, आनि रस्ता वला हाय, गाडी घसरतीया, तुझ्या हातात कला हाय, वाईच कोरून दे.

तवा मी सांगायला पायजे हुतं. दादा, म्हाळ ठेव बाजूला, नवं घाल. उचगावात हे सांगू शकणारा माणूस मी एकटा हुतो, बाकी सगळी म्हाळ पाळणारी. का न्हाय सांगितलं? भ्यालो. वैनी म्हणंल, ह्येला काय, ह्येच्यात पितर न्हाय की मुहूर्त न्हाय, आमचं मोडाय निघाला. ती तसं म्हणली नसती, पर मी भ्यालो. आनि दुसरं खरं सांगू का, कोरायची खाज बी हुती. कैक वर्सांत पातं हातात धरलं न्हवतं. पातं तापवलं आनि बसलो. नक्षी अशी उठली की गल्लीतली माणसं बघाय आली, म्हणली ह्यो तर कोरा माल दिसतोय. एका जागी पात्याखाली पांढरं दिसलं. धागा. नखाएवढाच. उस्ताद आठवला मला, न्हाय असं न्हाय. मी त्याच्यावर टायरचं काळं पॉलिश फासलं आनि म्हणलो, जातंय दादा अकरा दिस, जा बिनघोर.

चौथ्या दिवशी सकाळी उतारावर मागचं टायर फुटलं. चारी क्यान भरलेल्या. गाडी अंगावर आनि क्यान पायावर. मी पोचलो तवा दूध गटारीपतूर गेलंतं, कुत्री चाटत हुती, माणसं त्यास्नी हाकलत हुती, आनि आनंदादा तसाच पडून इचारत हुता, रतीबाची माणसं वाट बघत असतील, त्यास्नी कोण सांगणार. गुडघ्याचा चुरा झालता. तीन आपरेशनं झाली, तरी पाय वाकत न्हाय. मोटरसायकलवर त्यो परत बसला न्हाय, रतीब आता त्याचा भाऊ घालतोय.

दवाखान्यात वैनी माझा हात धरून रडली. मला वाटलं आता इचारंल. म्हणली चूक आमचीच भावजी, म्हाळात नवं घालायचं न्हवतं, तुमी कोरलं तसं ते टायर नवंच झालं की, मामंजी कोपलं. आता ह्येला काय बोलायचं माणसानं. सगळी गल्ली तेच म्हणाय लागली, म्हणली बिचारा नामदेव, त्येचा काय दोष, त्येला काय ठावं म्हाळातलं. ज्या गोष्टीवर आमचा छप्पन्न सालापास्नं इश्वास न्हाय, तिनं मला सोडवलं. आनि मी सुटलो बी. वैनीफुडं मान हालवली मी, व्हय म्हणलो, तसंच असंल. लाज वाटती सांगायला.

तवापास्नं बूड टेकत न्हाय माझं. गिऱ्हाईक नसलं तरी उठतोय, पाना हिकडचा तिकडं ठेवतोय, बायको म्हणती तुमच्या अंगात काय शिरलंय. दोन वर्सं असं काढलं. आनंदादा काठी टेकत रोज दुकानात येऊन बसायचा, ते तर आनिकच नको व्हायचं. एका दुपारी कोण न्हवतं, सांगून टाकलं. दादा, मामंजी-बिमंजी कोण कोपलं न्हाय, धागा दिसलाता मला, मी वर काळं फासलं. शिव्या दे, टपरी उचल म्हण, वैनीला सांग, काय करायचं ते कर. त्यो रस्त्याकडं बघत बसला. मग म्हणला, मला ठावं हाय. तू कोरलंस त्येच्या दुसऱ्याच दिवशी गाडी धुताना काळं निघालंतं, धागा बघितला मी. माझं डोस्कंच फिरलं. मी म्हणलो, मग गेलास कशाला रं बाबा? तर म्हणला, तू म्हणलास की, जातंय म्हणून.

आता कुणी इचारलं मेस्त्री किती दिस जाईल, तर मी म्हणतो मला कळत न्हाय, आज बदल. म्हाळ असू दे न्हायतर आमुशा, बदल. तोंडावर सांगतोय, वाईट दिसलं तर दिसू दे. लोक म्हणत्यात नामा बिघडला, फुडच्या चौकात दुसरा बसलाय त्येच्याकडं जात्यात, जाऊ द्यात. आनंदादा हितंच असतोय, माझ्या शेजारी. वैनीला आजून म्हाळाचंच सांगतोय, गल्लीत कुणी इचारलं तरी म्हाळाचंच सांगतोय, माझ्याकडं बघत बी न्हाय सांगताना. शिवी देत न्हाय. एकदा तरी दिली असती तर मी जरा बसलो असतो. त्येचं बरं हुऊ दे, एवढंच म्हणतो मी रोज, सकाळी दुकान उघडताना. कुणाला म्हणतो ते मला ठावं न्हाय.